बोर्डाची उत्तरं

माझ्या भाचीनं, धाकट्या भावाच्या पोरीनं, मला त्या इंटरनेटच्या पानाबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला. तुला कुणी पाठवलं?

बिचारी पुण्याला मानसशास्त्र शिकत होती आणि सुट्टीला नगरला आली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सावेडीच्या रस्त्यावर एका गाळ्यात नुकताच सायबर कॅफे निघाला होता आणि ही पोरगी दिवसभर तिथंच पडलेली असायची. ती म्हणाली, आत्या, परदेशातलं एक पान आहे, फौजेतून निवृत्त झालेल्या बायकांसाठी. प्रश्न विचारतात, आपण खुणा करायच्या, की लगेच कळतं मन ठीक आहे की काही त्रास आहे. त्रास असला तर तो कशानं होतो, काय करावं, तेही समजावून सांगतात, आणि सगळं फुकट.

फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारलेच. फुकट कोण कशाला विचारील माझं मन? तेही सातासमुद्रापलीकडून?

माझं सांगायचं तर मी मिलिटरी नर्सिंगमध्ये जन्म काढला. जम्मूपासून जोधपूरपर्यंत हॉस्पिटलं पालथी घातली, मेजर म्हणून बाहेर पडले आणि नगरला लागूनच असलेल्या भिंगारला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहिले. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी घरात घेत नसे. दाराला कडी, तिच्यावर साखळी आणि साखळीवर कुलूप. दूधवाल्याचं दूध मी त्याच्यासमोर हातावर घेऊन बघायची. गॅसवाला आला की तो जाईपर्यंत त्याच्याशेजारी उभी. आपल्याच जिल्ह्यात शिंगणापूरला घरांना दारं नाहीत म्हणून माणसं कौतुक करतात. मला तिथं डोळ्याला डोळा लागला नसता.

हे काही फौजेनंच लावलेलं नव्हतं. आमचा बाप पाथर्डीकडचा, छप्पन साली दीक्षा घेतलेला. तलाठी आला, मुकादम आला, पुढारी आला, की बाप आधी विचारायचा, "याच्यात तुमचं काय हाय?" समोरचा गडबडला की बाप उठून जायचा. तेच माझ्या अंगात आलं. फौजेत त्याला धार आली एवढंच. पाकिटावर युनिटचं नाव लिहू नका, गाडीत शेजारच्याशी बोलू नका, अनोळखी माणसानं सलगी केली तर वर कळवा, हे आम्हाला घोटून घोटून शिकवलेलं. आणि आता ही पोरगी म्हणते, परक्या देशाला सांग तू कुठं होतीस आणि तुला स्वप्नं कसली पडतात.

दुसरा संशय याच्यापेक्षा वाईट होता. मला वाटलं, भावानंच हिला शिकवून पाठवलंय. आत्याचं डोकं फिरलंय असं एकदा कुठूनतरी सिद्ध झालं की फ्लॅटचं बघता येईल. तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं. भाचीचे डोळे भरले. ती म्हणाली, बाबांना तर मी हे सांगितलेलंसुद्धा नाही. मी म्हटलं, बरं, चल, बघतेच काय आहे ते. शत्रूची जागा स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कॅफेत प्लायवूडच्या खुराड्यासारख्या खोल्या केलेल्या. मी आधी मालकाला विचारलं, मागून कुणाला पडदा दिसतो का, टाइप केलेलं कुठं साठतं, संध्याकाळी कोण बघतं. तो हसला. हसला म्हणून त्याच्यावरचा माझा संशय वाढला. मग फोनची तार कर्रकर्र करत लागली, मध्येच लाईट गेली, परत आली, परत तार लावली. शेवटी पान उघडलं. इंग्रजी मला येत होतं, पण चष्मा नेलेला नव्हता, म्हणून भाची हळू आवाजात वाचून दाखवायची आणि मी माऊस हलवायची. नाव खोटं, जन्मसाल खोटं, नोकरीची वर्षं खोटी.

प्रश्न असे. झोप लागते का? दचकून जाग येते का? मोठ्या आवाजानं छातीत धडधडतं का? खाण्यावरची वासना गेली आहे का? लोक आपल्यावर नजर ठेवून आहेत असं वाटतं का? उत्तरं चार : कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, सतत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत "कधीच नाही" वर टिचक्या मारल्या. नजर ठेवण्याच्या प्रश्नाला तर मी भाचीला आधी बाहेर डोकावून यायला लावलं, कुणी उभं नाही ना बघायला, आणि मग "कधीच नाही" दाबलं.

निकाल आला. काळजीचं काही कारण दिसत नाही. मी भाचीकडे असं बघितलं की काय सांगू.

"आत्या, तू खोटी उत्तरं दिलीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, उत्तरं मागितली, ती दिली. खरी द्यायची असं कुठं म्हटलं होतं?

ही बोर्डाची उत्तरं होती. फौजेबाहेरच्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. फौजेत माणसाच्या तब्येतीला अक्षरं असतात आणि अक्षरापुढं आकडा. त्यात पहिलंच अक्षर मनाचं. त्याच्यापुढं एक असला की माणूस धडधाकट. एकाचा दोन झाला, तीन झाला, की बढती अडकली, चांगली पोस्टिंग गेली, आणि मेसमध्ये लोक जरा लांबच्या खुर्चीवर बसायला लागले. हा आकडा ठरवायला मेडिकल बोर्ड बसतं. म्हणून बोर्डाच्या आदल्या दिवशी वॉर्डात पोरं एकमेकांना पढवायची. झोप? छान, साब. भूक? छान, साब. घरची आठवण? नाही, साब. मनाच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. रात्रभर पलंगाखाली झोपणारा पोरगा सकाळी बोर्डापुढं ताठ उभा राहून "सब ठीक" म्हणताना मी पाहिलाय. आम्ही नर्सबाया तर ऑफिसर. आमचं कुठलं काय बिघडणार? आम्ही दरवर्षी "सब ठीक".

पण घरी येताना रिक्षात मला एक गोष्ट खटकत राहिली. सगळ्याला "कधीच नाही" म्हणणारा पेशंट माझ्या वॉर्डात आला असता तर मी त्याला घरी सोडला नसता. त्याच्या पलंगावर जास्त लक्ष ठेवलं असतं. हे मी भाचीला बोलले नाही. तिला म्हटलं, तुझा कॉम्प्युटर अडाणी आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस ती माझ्याशी तुटक वागली.

मग माझी मैत्रीण आली. ही माझी ट्रेनिंगपासूनची सोबतीण, पुण्याला आम्ही एका खोलीत राहिलेलो. ती श्रीगोंद्याकडची, उसाच्या पट्ट्यातली. तीही बिनलग्नाची, तीही मेजर होऊन निवृत्त झालेली, आणि गावी भावाच्या घरात राहायची. दर महिन्याला मिलिटरी कँटीनचं सामान न्यायला एसटीनं नगरला यायची आणि माझ्याकडे एक मुक्काम करायची. गेलं वर्षभर ती आली की नुसती बसून राहायची. चहा गार व्हायचा. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून द्यायची. मी ओरडायचे, अगं बोल की, तोंडात काय मूग भरलेत का. ती म्हणायची, काही न्हाई गं, ऊन लागलं असंल.

या वेळी दारातच हसत आली. केसांना तेल, छान वेणी, हातात नव्या बांगड्या. कँटीनची पिशवी मात्र नाही. तिच्याऐवजी एका खोक्यात तिचा प्रेशर कुकर, कुलूहून आणलेली शाल आणि छातीला लावायचं ते नर्सचं उलटं घड्याळ. म्हणाली, हे तुला. मला काय करायचंय आता?

माझ्या डोक्यात घंटा वाजली, पण चुकीची. मला वाटलं, भावानं हिच्याकडून काहीतरी लिहून घेतलंय आणि आता हिला घराबाहेर काढतोय. मग वाटलं, ही कुठल्या बुवाच्या आश्रमात चाललीय. त्या वर्षांत अशा बऱ्याच चालल्या होत्या. बांगड्या पाहून क्षणभर असंही वाटलं की या वयात ही लग्न करतेय, आणि मला लई राग आला, मला न सांगता करतेय म्हणून. मी एकामागून एक विचारत गेले. ती प्रत्येक प्रश्नाला हसत होती. भाऊ चांगला आहे, भावजय चांगली आहे, ऊस चांगला आहे. इतकं चांगलं माझ्या आयुष्यात मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

ती आंघोळीला गेली तेव्हा तिची पर्स खुर्चीवर होती. खोटं कशाला बोलू, माझा हात पुढं झाला होता. पण फौजेत दुसऱ्याची ट्रंक उघडत नाहीत. मी हात मागं घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

दुपारी भाची आली. माझ्यावरचा राग तिनं माझ्या मैत्रिणीवर माया करून काढला. मावशी, तुम्ही तरी चला, आत्यानं माझी थट्टा केली, तुम्ही नीट उत्तरं द्या. मला वाटलं ही नाही म्हणेल. ही उठलीच. चल, बघू तुझा कॉम्प्युटर, म्हणाली. एवढ्या सहज कशी काय उठली, हाही मला संशयच आला, म्हणून मी सोबत गेले.

खुराड्यात दोनच खुर्च्या, मी मागं उभी. भाची वाचायला लागली. झोप? कधीच त्रास नाही. दचकणं? कधीच नाही. खाणं? छान. मैत्रीण पडद्याकडे बघतही नव्हती, नुसतं बोट चालवत होती. जिथं जिथं मी खोटं बोलले होते, तिथं तिथं तीही खोटं बोलत होती. तोच वेग, तीच ताठ मान. पुढं एक प्रश्न होता, जगून काय उपयोग असं वाटतं का. भाचीचं वाक्य पुरं व्हायच्या आधी हिनं "कधीच नाही" दाबलं होतं.

बाकीच्यांना पुढचा प्रश्न कळत नाही. पुढचा प्रश्न आधीच कळतो तो ज्यानं त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं त्याला. कुकर, शाल, घड्याळ, हसणं, बांगड्या, सगळं मला एकदम समजलं. भाऊ नाही, बुवा नाही, नवरा नाही. ही निरोप घ्यायला आली होती, आणि या वेळी मुक्काम न करता संध्याकाळच्याच गाडीनं परत जाणार होती.

निकाल आला, काळजीचं कारण नाही. भाची खुश झाली. खाली माहितीची पानं होती, ती तिनं उघडली आणि वाचायला लागली, की नोकरीत लपवायची सवय लागलेल्या बायका निवृत्तीनंतरही लपवत राहतात. मला त्या पानाचा असा संताप आला. ठाऊक आहे तर मग विचारता कशाला असं, बोटानं दाबायला? मी म्हटलं, पोरी, बंद कर ते, आणि तू आता घरी जा.

घरी आल्यावर मी आतून कडी, साखळी, कुलूप, सगळं लावलं. मैत्रीण म्हणाली, माझी गाडी हाय. मी म्हटलं, जाशील. चहा ठेवते. आधण ठेवलं आणि उभी राहिले. सरळ विचारून काही हाती लागणार नव्हतं. सरळ विचारलं की बोर्डाचं उत्तर येणार. चिडले तर ती हसणार. तिला रडवणारी गोष्ट मला ठाऊक होती. आपली फौज श्रीलंकेत लढत होती आणि तिथून जखमी पोरं येत होती तेव्हा ती सर्जिकलला होती, पाय गेलेल्यांच्या वॉर्डात. पण तो विषय काढायची माझी हिंमत होईना.

मग मला आमची रोजची गोष्ट आठवली. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला रिपोर्ट देते. पलंगापलंगापाशी उभं राहून, कुणाला ताप, कुणी जेवला नाही, कुणावर लक्ष ठेवायचं. ते देताना कुणी खोटं बोलत नाही. लपवलं आणि रात्री पेशंट दगावला तर कुणाच्या मानेवर? म्हातारी झाले तरी सांगते, हजारदा भांडलो असू आम्ही नर्सबाया, पण रिपोर्टात खोटं कुणी बोललं नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, ड्यूटीवर राहतात तशी, आणि म्हणाले, "सिस्टर, रिपोर्ट द्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हसेल. ती उठली. पदर सारखा केला. तिचा आवाज बदलला, गावाकडचा हेल गेला आणि वॉर्डातला आवाज आला.

"एकच पेशंट आहे, सिस्टर. बाई, वय चोपन्न. झोप नाही, बरेच महिने. डोळा लागला की हेलिकॉप्टरचा आवाज येतो म्हणते. घरात बोलत नाही. जेवण पुढ्यातलं ढकलते, घरातल्या पोरांना देऊन टाकते. परवापासून शांत आहे. शांत आहे म्हणूनच लक्ष ठेवायला पाहिजे."

मी विचारलं, औषधं?

"गोळ्या साठवल्यात. पेशंटच्या पर्समध्ये आहेत."

राग इतका आला होता की हिच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. रिपोर्ट घेताना करत नाहीत. मी हात पुढं केला. तिनं पर्स उघडून एक बाटली माझ्या हातावर ठेवली, औषधाच्या कपाटाची किल्ली देतात तशी. मी म्हणाले, चार्ज घेतला. मग ती खाली फरशीवरच बसली. आधण उतू जाऊन गॅस विझला होता, तो वास यायला लागला तेव्हा मी पळत जाऊन बंद केला.

ती श्रीगोंद्याला गेली नाही. शेजारच्या दुकानातून मी तिच्या भावाला फोन केला, की ताप आलाय, ठेवून घेतेय. तो इतकी चौकशी करायला लागला की मला त्याच्याबद्दल केलेल्या विचारांची जरा लाज वाटली. जराच.

सकाळी मी तिला मिलिटरी हॉस्पिटलला न्यायला निघाले तेव्हा ती अडून बसली. म्हणाली, त्या वॉर्डात मी न्हाई जायची पेशंट म्हणून. आपण असल्या वॉर्डातल्या सिस्टर होतो. लोक काय म्हणतील? रेकॉर्डला लागेल. मी म्हटलं, अगं, कसलं रेकॉर्ड? आता आपल्याला कोण बढती देतंय? ती म्हणाली, सवय गं. शेवटी मी म्हटलं, चार्ज माझ्याकडे आहे, पेशंट कुठं न्यायचा ते मी ठरवणार. तेव्हा ती उठली.

मनाचा डॉक्टर एक कोवळा कॅप्टन होता. मी आत जाताच त्याला विचारलं, इथं जे बोलू ते कोण वाचणार, कागद कुठं ठेवता, दार नीट लागतं का. त्यानं उठून दार लावलं आणि माझ्याकडे फार मायेनं बघायला लागला. मेल्याला वाटलं पेशंट मीच. मला सांगा मॅडम, झोप कशी आहे, त्यानं मलाच विचारलं. मी म्हटलं, मी नव्हे, ही.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती ताठ बसली. हसली.

"सब ठीक, सर," ती म्हणाली. "हिनं उगाच आणलं मला."

तो पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. त्याची अडचण मला कळत होती. एक बाई हसतेय, तेल लावून वेणी घातलीय, आणि दुसरी दाराच्या कडीकडे बघतेय. कुठल्याही बोर्डानं मलाच नापास केलं असतं. मी बोलू शकत होते. सगळा रिपोर्ट मला पाठ होता. पण माझ्या तोंडून निघालेली प्रत्येक गोष्ट ती हसून खोडणार, हे मला दिसत होतं, आणि मग ती कुणालाच सांगणार नव्हती. मी माझी पर्स उघडली, तिची ती बाटली काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

त्यानं बाटली उचलली, वरचं नाव वाचलं, खाली ठेवली. ही कुणाची, त्यानं विचारलं. आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

मी गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. मैत्रीण बांगड्या मागं-पुढं करत होती. तिनं माझ्याकडे एकदा असं पाहिलं की ही मला जन्मात माफ करणार नाही असं मला वाटलं. मग तिनं खाली मान घातली.

"माझी हाय," ती म्हणाली.

पेशंटची नाही म्हणाली. माझी म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून भडाभडा निघायला लागलं, त्या वॉर्डातल्या पोरांची नावं, गावं, कोण कोण गेलं. डॉक्टरनं पेन बाजूला ठेवलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि मला म्हणाला, मॅडम, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? कशाला, असं मी विचारलं नाही. मी उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.